फाटकावरची अकरा मिनिटं

डिसेंबरच्या सकाळी देव्हाडीचं रेल्वे फाटक पडलं की आधी ट्रकवाले इंजिन बंद करायचे, मग ऑटोवाले, मग आम्ही मोटारसायकलवाले. दोन मिनिटांत रस्ता शांत व्हायचा. धुकं रुळांवर टेकलेलं असायचं. कुणी कान बांधलेला दुपट्टा सैल करायचा, कुणी तंबाखू मळायला घ्यायचा. आमची ही लाइन हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरची. एक मालगाडी जाऊन फाटक उघडेल असं वाटायचं, तोवर उलट्या बाजूने दुसरीचा भोंगा ऐकू यायचा.

मी तुमसरला राहतो आणि देव्हाडीच्या पलीकडे एका राईस मिलमध्ये मुनीम आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका आठवड्यात सकाळ-संध्याकाळ फाटकावर किती वेळ जातो, याची नोंद मी वहीच्या मागच्या पानावर केली. सरासरी निघाली अकरा मिनिटं. जाताना अकरा, येताना अकरा. त्या नोंदीतून पुढे माझ्या आयुष्यात एक मोठी गोष्ट आली, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मिलमधला दिवस कसा असतो ते आधी सांगतो. दिवाळीच्या आसपास खरिपाचं धान निघायला लागतं आणि पुढचे तीन महिने श्वास घ्यायला सवड नसते. सकाळी नऊपासून ट्रॅक्टर आणि ट्रकची रांग. प्रत्येक गाडीचा काटा करायचा, पोत्यांतून नमुना काढायचा, ओलावा तपासायचा. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. ओलं धान भरडलं तर तांदूळ तुटतो, कनकी वाढते. फार कडक वाळलेलं धान भरडलं तरी तुटतोच. मग हमालांचा हिशेब, बारदान्याचा हिशेब, भरडाईचा हिशेब. घरी पोचायला रात्रीचे नऊ सहज वाजतात. मे-जूनमध्ये उन्हाळी धान आलं की पुन्हा तेच. मधले महिने हलके म्हणावेत, तर त्यात आईचं दुखणं, मुलीची शाळा, घराच्या कौलांची डागडुजी.

अशा दिवसांत मी २०१६ साली एक जुना कॅनॉनचा कॅमेरा घेतला. नागपूरला एका ओळखीच्या माणसाकडून, हप्त्याने. लहानपणापासून इच्छा होती, एवढंच कारण. कॅमेऱ्यासोबत ५० मिलिमीटरची एकच लेन्स मिळाली. घरी आणला, आईने त्याला हळद-कुंकू लावलं, आणि तो कपाटात गेला.

कारण माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की फोटो काढायचे तर सुट्टी हवी, सबंध दिवस हवा, आणि कुठेतरी जायला हवं. नागझिऱ्याला जाऊ, चांदपूरच्या तलावावर जाऊ, असं म्हणत वर्ष गेलं. एकदा मार्चमध्ये एक रविवार मोकळा मिळाला आणि मी आंबागडला गेलो. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला तो किल्ला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तुमसरपासून फार लांबही नाही. सकाळचा प्रकाश सुरेख होता. मी चार तासांत दोनशेच्या वर फोटो काढले. रात्री पाहायला बसलो तर प्रत्येक फोटो कुठल्यातरी कॅलेंडरवर आधी पाहिल्यासारखा वाटला. किल्ल्याचा त्यात दोष नव्हता. वर्षभर हात न लावलेलं यंत्र घेऊन मी गेलो होतो, आणि एका दिवसात वर्षाची भूक भागवायला बघत होतो. डोळ्यांना सराव नव्हता.

त्या रविवारची आणखी एक बाजू होती. तो मला मोकळा मिळाला, कारण दुसऱ्या कुणीतरी तो भरून काढला. आईला दवाखान्यात बायकोने नेलं. दळण तिने आणलं. मुलीच्या शाळेतल्या सभेला तीच गेली. संध्याकाळी मी किल्ल्यावरून आलो, तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती आणि एवढंच म्हणाली, “अहो, तुमचा छंद चांगला आहे, पण त्याचा दिवस माझ्या खात्यातून गेला.” मुनिमाला याहून स्पष्ट कोणती भाषा कळणार? मी गप्प बसलो. तिचं खरं होतं. छंदाला वेळ काढा, असं सगळेच सांगतात. तो कुणाच्या वाट्यातून काढायचा, हे कुणी सांगत नाही.

पुढचे सहा-सात महिने कॅमेरा परत कपाटात राहिला. मग ती वहीतली नोंद झाली.

अकरा मिनिटांच्या त्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. दिवसातला प्रत्येक तुकडा कुणाच्यातरी नावावर होता. सकाळ आईची, दिवस मिलमालक शेठजींचा, रात्र घराची. फाटकावरच्या अकरा मिनिटांवर मात्र कुणाचाच हक्क नव्हता. तिथे मी शेठजींचं काम करू शकत नव्हतो आणि घरचंही नाही. तो वेळ कुणी मला दिला नव्हता, म्हणून कुणी परतही मागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा डब्याच्या पिशवीत ठेवला, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि निघालो.

पहिला फोटो मला अजून लख्ख आठवतो. फाटक पडलेलं, दाट धुकं. माझ्यापुढे एक म्हातारा सायकल धरून उभा. कॅरिअरला धानाचा अर्धा कट्टा बांधलेला. बहुधा दळायला किंवा कांडायला नेत असावा. त्याने एक हात कट्ट्यावर असा ठेवला होता, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतो. मागे मालगाडीचे डबे धुक्यात नुसते काळे पट्टे होऊन सरकत होते. मी तीन फोटो काढले. त्यातला एक आजही घरच्या भिंतीवर आहे.

मग मी स्वतःला काही नियम घालून घेतले. एका फाटकाला पाचपेक्षा जास्त फोटो नाहीत. कॅमेरा रुळांकडे नाही, रस्त्याकडे. थांबलेली माणसं हा माझा विषय. समोरच्याने नजरेने नकार दिला तरी तो नकारच. आणि फाटक उघडलं की कॅमेरा आत, कारण मागे रुग्ण घेऊन निघालेली गाडीही असू शकते.

पाचच्या मर्यादेने मला फार शिकवलं. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. बाकी तूस, कोंडा. आमच्या धंद्यात याला उतारा म्हणतात. आंबागडच्या दोनशे फोटोंचा उतारा शून्य होता. फाटकावर आठवड्याला तीस-चाळीस फोटो व्हायचे आणि महिन्याअखेर चार-पाच तरी ठेवावेसे वाटायचे. बोटाने बटण दाबण्याआधी डोळ्यांनी निवड करायला लागलो होतो, म्हणून.

प्रकाशही मला फाटकानेच शिकवला. छायाचित्रणावरचे मराठी लेख आणि व्हिडिओ बहुतेक मुंबई-पुण्याकडचे. ऑफिस सुटल्यावर सहाच्या सुमारास सोनेरी प्रकाश मिळतो, असं त्यात सांगतात. डिसेंबरात आमच्याकडे सहाला अंधार पडलेला असतो. तुमसर मुंबईच्या पूर्वेला जवळपास सात रेखांश आहे. म्हणजे आमचा सूर्य त्यांच्याआधी सुमारे सत्तावीस मिनिटं मावळतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य ज्याच्या-त्याच्या गावाचा. हे कळल्यावर मी दुसऱ्यांच्या वेळापत्रकाच्या मागे धावणं सोडलं. हिवाळ्यात माझा प्रकाश सकाळच्या खेपेचा; नऊच्या आतबाहेरही सूर्य खाली असतो आणि माणसांच्या चेहऱ्यावर आडवा पडतो. संध्याकाळच्या खेपेला मिळतो तो ट्रकच्या दिव्यांचा आणि चहाटपरीच्या बल्बचा. उन्हाळ्यात सगळं उलटं. सकाळी नऊला ऊन डोक्यावर मारतं, पण काम लवकर आटोपलं तर साडेसहाचा प्रकाश हाती लागतो. पावसाळ्यात दिवसभर एकसारखा मऊ उजेड, आणि रोवणीला निघालेल्या बायांनी भरलेल्या गाड्या.

तेच फाटक, पण कंटाळा कधी आला नाही. सकाळी कोल्हापूरला निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस जायची, तेव्हा थांबलेली पोरं डबे मोजायची. तिरोडीच्या बाजूने मँगनीज घेऊन आलेल्या डब्यांची चर्चा व्हायची, कारण बऱ्याच जणांच्या घरचं कुणीतरी डोंगरी बुजुर्ग नाहीतर चिखल्याच्या खाणीत असायचं. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या सेलमध्ये वापरतात. हे कळल्यापासून ओलावा मोजायच्या यंत्रात सेल घालताना मी तो क्षणभर हातात धरतो. कार्तिक पौर्णिमेला माडगीच्या यात्रेची गर्दी फाटकावर दाटायची. वैनगंगेच्या पात्रातल्या नृसिंहाला निघालेल्या म्हाताऱ्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसलेल्या असायच्या. २०२०च्या मार्चअखेर प्रवासी गाड्या थांबल्या. धान्याचं काम आणि मालगाड्या चालूच होत्या. फाटक पडायचं, आणि अलीकडे मी एकटाच उभा. त्या दिवसांतल्या एका फोटोत फक्त आडवा दांडा आहे आणि त्यावर बसलेला कोतवाल पक्षी.

फाटकावर डोळा तयार झाला, तशी मिलही दिसायला लागली. मी तिथे चौदा वर्षं काम करत होतो आणि सकाळी नऊच्या सुमारास गोदामात काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत. पूर्वेचं ऊन त्यातून आत येतं आणि हवेत तरंगणाऱ्या तुसाच्या धुळीवर त्याचे खांब उभे राहतात. हमाल पाठीवर पोतं घेऊन त्या खांबांतून जातो तेव्हा एकेक क्षण उजळतो आणि विझतो. शेठजींना विचारलं. ते म्हणाले, “काम अडू देऊ नका, मग काय ते काढा.” काटा लागायच्या आधीची पाच मिनिटं मला मिळाली.

तिथे दोन चुका झाल्या. पहिली यंत्राची. एकदा उसनी आणलेली लेन्स मी गोदामातच बदलली. तुसाची बारीक धूळ सेन्सरवर बसली आणि पुढच्या महिनाभराच्या प्रत्येक फोटोत आकाशात काळे ठिपके उमटले. तेव्हापासून एकच लेन्स, आणि ती मिलच्या आवारात काढायची नाही.

दुसरी चूक माणसांची. एका हमालाच्या पाठीचा फोटो मी काढला. बनियान खांद्यापाशी फाटलेली, घामाला तूस चिकटलेलं. प्रकाश इतका चांगला होता की मी विचारायचं विसरलो. तो पोतं टाकून वळला. “मुनीमजी, आमची फाटकी बनेन लोकायले दाखवता का जी?” आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं. मी त्याच्यासमोर तो फोटो पुसला. त्याला म्हटलं, तुला कसा हवा तसा काढू. दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून आला आणि काट्याशेजारी ताठ उभा राहिला. तो फोटो मी छापून त्याला दिला. त्या फोटोचा मला झालेला उपयोग मात्र कितीतरी मोठा आहे. हा माणूस स्वतःला कसा पाहतो, ते मला त्या ताठ मानेत दिसलं. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्याचा फोटो, त्याला छापील प्रत.

अशीच रीत पाळणाऱ्या एकाबद्दल मी पुढे वाचलं. अमेरिकेतल्या बफेलो शहरात मिल्टन रोगोविन नावाचा डोळे तपासून चष्मा देणारा माणूस होता. १९०९ साली जन्मला, १०१ वर्षं जगला. आपल्याच शहरातल्या गरीब वस्तीतल्या लोकांचे फोटो त्याने १९७२ पासून काढले, आणि वर्षांनी परत जाऊन त्याच कुटुंबांचे पुन्हा काढले. लोकांना प्रतीही दिल्या. पुढे देशोदेशींच्या खाणकामगारांचे फोटो त्याने काढले: कामावरचे, आणि घरी कुटुंबासोबतचे. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. आपल्या पोटापाण्याच्या गावातच आयुष्यभर पुरेल एवढं पाहण्यासारखं असतं.

पण तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या धानपट्ट्यात दादाजी खोब्रागडे होऊन गेले, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. दीड एकरांच्या आसपास शेती. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना थोड्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षं पेरल्या, निवडल्या. त्यातून जे वाण निघालं त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. आज आमच्या मिलमध्ये या तांदळाची पोती येतात, तेव्हा मी मनोमन हात जोडतो. दादाजींना कुणी संशोधनाची रजा दिली नव्हती. ते रोजच्या कामाला रोजच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गेले आणि त्यांनी नीट पाहिलं. हजारो लोंब्यांत वेगळ्या असलेल्या दोन-तीन दिसणं, हे रोज पाहणाऱ्यालाच जमतं.

मग देव्हाडीचा उड्डाणपूल सुरू झाला.

त्याचा आनंद मला मनापासून झाला आणि आजही आहे. फाटकावर बाळंतपणाला निघालेली बाई कळा सोसत थांबलेली मी पाहिली होती. परीक्षेला निघालेली मुलं रडकुंडीला आलेली पाहिली होती. पूल हवाच होता. पहिल्या दिवशी मी वरून गेलो. अर्ध्या मिनिटात पलीकडे. खाली मालगाडी जात होती, तिचे डबे वरून खेळण्यासारखे दिसले.

तीन महिन्यांनी मुलीने सहज विचारलं, “बाबा, हल्ली फोटो नाही दाखवत तुम्ही?” मी कॅमेरा काढला. शेवटचा फोटो पूल सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातला होता. मला धक्का बसला. रोजची बावीस मिनिटं वाचत होती, महिन्याला जवळपास दहा तास. ते गेले कुठे? मी वहीत शोधलं. सकाळी एक गाडी जास्त काट्यावर चढत होती. संध्याकाळी मी तेवढाच वेळ उशिरा निघत होतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाणी जसं उताराकडे जातं, तसा वाचलेला वेळ कामाकडे वाहत गेला होता.

तेव्हा मला कळलं की फाटकाने मला वेळ दिला नव्हता, वेळेला बांध घातला होता. बांधीला धुरा नसेल तर कितीही पाऊस पडो, पाणी ठरत नाही, आणि पाण्याशिवाय धान होत नाही. वाचवलेल्या मिनिटांचंही तसंच. त्यांना चारी बाजूंनी धुरा घालावा लागतो. आता तो मला स्वतः घालायचा होता.

या वेळी मी तो सांगून-सवरून घातला. बायकोला म्हटलं, सकाळी अकरा मिनिटं मी पुलाखाली थांबेन. संध्याकाळची अकरा घराची. तेवढा लवकर येईन आणि आईच्या गुडघ्याला तेल मी लावीन. ती म्हणाली, “लिहून ठेवा वहीत.” ठेवलं. शेठजींनाही सांगितलं की नऊच्या आधी माझा काटा सुरू होणार नाही. त्यांनी मान डोलावली. मागितलं नव्हतं म्हणून मिळालं नव्हतं, इतकंच.

आता सकाळी मी पुलावर न चढता खालच्या जुन्या रस्त्याने येतो. तिथे एक चहावाला उरला आहे. पायी जाणारे, सायकलवाले, गुरं घेऊन निघालेले लोक अजून खालूनच जातात. पुलाची सावली सकाळी रस्त्यावर तिरपी पडते आणि माणसं तिच्यातून उन्हात येतात तेव्हा डोळे बारीक करतात. पाच फोटो, अकरा मिनिटं.

सुरुवातीला मी माणसांची वाट पाहायचो. आता उलटंही घडू लागलं आहे. गेल्या महिन्यात भाजीची टोपली घेऊन जाणाऱ्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. मी त्यांचा फोटो कधी काढला नव्हता. म्हणाल्या, “भाऊ, तुमी रोज याच वेळेले इथं रायता ना? उद्या नातीले आनतो. तिचा नवा झबला हाये, एक फोटू काढून द्या.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, टोपलीशिवाय. नात कडेवर. झबला पिवळा, कडेला लाल फीत. पोर सावलीत रडत होती. उन्हात आणल्याबरोबर गप्प झाली आणि स्वतःची मूठ उजेडात धरून बघायला लागली. मी तिसरा फोटो काढला तेव्हा ती मूठ उघडली होती. उरलेले दोन फोटो मी आजीचे काढले.

मग घड्याळ पाहिलं, कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि मिलकडे निघालो. नऊला पाच कमी होते. गेटवर पहिला ट्रॅक्टर उभा होता.